टायर काळा हवा, ओलाचिंब नको : मराठवाड्यातल्या गाडीसाठी धुण्या-जपण्याचं सामान

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर रांग असते हे ठाऊक असूनही मी गेलो होतो. पोराने गाडी धुतली, पुसली आणि शेवटी पत्र्याचा एक डबा घेऊन आला. "मारू का काका? टायर नवाकोरा दिसन." मारलं. रॉकेलसारखा वास, तेलासारखं पातळ. टायर खरंच असे चमकले की पोळ्याच्या बैलाची शिंगं फिकी पडावीत. डॅशबोर्डलाही त्याने तसंच काहीसं चोपडलं.

दुसऱ्या दिवशी परभणीहून तुळजापूरला निघालो. गंगाखेडला चहाला उतरलो तर पांढऱ्या गाडीच्या दारांवर, चाकाच्या मागे, काळ्या शिंतोड्यांच्या तिरक्या रेघा उमटलेल्या. टायरवरचं जास्तीचं पॉलिश चाक फिरताना उडून पत्र्यावर बसलं होतं. लातूरच्या पुढे दुपारचं ऊन वर आलं आणि चोपडलेल्या डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत असं पडलं की पुढचा ट्रक धूसर दिसायला लागला. औशाजवळ गाडी बाजूला घेतली आणि बायकोच्या पर्समधल्या रुमालाने डॅशबोर्ड पुसला. त्या रुमालाचा विषय अजून निघतो.

त्यानंतर चार-पाच वर्षं बऱ्याच बाटल्या आणल्या, काही फेकल्या. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याकडच्या फुफाट्यात आणि बोअरच्या पाण्यात जे सामान जास्त चमकतं तेच लवकर घाण धरतं. तेव्हा दुकानात उभं राहून काय बघायचं आणि घरी आणून ते कसं वापरायचं, ते सांगतो.

आधी टायर वाचा

बाटली घेण्याआधी टायरवरचा डीओटी कोड, म्हणजे टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणारा शिक्का, शोधा. शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. कधीकधी हा पूर्ण कोड टायरच्या गाडीकडे तोंड असलेल्या बाजूला असतो, तेव्हा वाकून बघावं लागतं. पाच वर्षं उलटली की दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नये, असं मोठे उत्पादक सांगतात. बाजूला नख अडकेल एवढ्या भेगा असतील तर कुठल्याही पॉलिशने त्या भरत नाहीत, फक्त झाकल्या जातात. झाकलेली भेग ही उघड्या भेगेपेक्षा वाईट.

आता तो तपकिरी रंग. धुतल्यावर महिन्याभरात टायर विटकरी-तपकिरी दिसायला लागतो आणि आपण म्हणतो धूळ बसली. थोडी धूळ असतेच, पण बराचसा रंग टायरच्या पोटातला असतो. हवेतल्या ओझोनने रबर तडकू नये म्हणून त्यात बनवतानाच काही रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. गाडी पळते, टायर दबतो-ताणतो, तसं ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवेशी संयोग होऊन तपकिरी पडतं. म्हणजे हा रंग टायरची राखण करणाऱ्याचा मळका सदरा आहे. तो धुतला तर बिघडत नाही, आतून पुन्हा येतो. पण गाडी गावाकडे शेडमध्ये सहा-सहा महिने उभी राहिली, पोरं पुण्याला आणि चावी म्हाताऱ्याच्या उशाखाली, तर टायर दबत-ताणत नाही, आतलं मेण वर येत नाही आणि कमी किलोमीटर चालूनही टायर तडकतो. अशा गाडीला पॉलिशपेक्षा आठवड्यातून एक चक्कर जास्त गरजेची.

दुकानात : हलवा, बघा, हुंगा

टायरवर लावायच्या सामानाला दुकानदार टायर पॉलिश, टायर शाइनर, टायर ड्रेसिंग काहीही म्हणतो. आत मुख्यतः दोनच जाती.

पहिली, पाण्यात घोटलेली. रंग दुधट, ताकासारखा. वास सौम्य. बाटलीवर 'वॉटर बेस्ड' लिहिलेलं असतं. यात सिलिकॉनचे बारीक कण पाण्यात मिसळलेले असतात. पाणी उडून जातं, पातळ थर उरतो. चमक कमी, साधारण नव्या टायरसारखी. टिकते दोन-तीन आठवडे, पावसाळ्यात त्याहून कमी.

दुसरी, पेट्रोलियम द्रावकातली. पातळ आणि पारदर्शक, नाहीतर चिकट जेल. रॉकेल किंवा थिनरसारखा वास, बाटलीवर ज्वालेचं चिन्ह. चमक भरपूर, टिकतेही जास्त. पण थर तेलकट राहतो, फुफाटा त्यावर पीठ मळल्यासारखा बसतो आणि उडालेले शिंतोडे दारांवर. टायर कंपन्याही पेट्रोलियमयुक्त सामानापासून लांब राहायला सांगतात.

मी फक्त पहिली घेतो. जालन्यातून समृद्धीवर चढून थेट नागपूर गाठणाऱ्याला दुसरी टिकाऊ वाटेल, पण शेतरस्ता, कच्ची सडक आणि ऊसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ ज्याच्या वाट्याला आहे त्याने दुधट बाटलीच उचलावी.

बाटली उलटी करून हलवा. खाली गाळ घट्ट बसला असेल, वर पाणी वेगळं झालं असेल आणि हलवूनही एकजीव होत नसेल तर ती जुनी किंवा उन्हात ठेवलेली आहे. उत्पादनाची तारीख बघा. किंमत बघताना मिलीलिटरने भागाकार करा. २०० मिलीची छोटी बाटली स्वस्त वाटते आणि ५०० मिलीपेक्षा महाग पडते. फवारणीचे डबे मी घेत नाही. अर्धा माल वाऱ्यावर जातो आणि उरलेल्यातला थोडा ब्रेकच्या डिस्कवर.

थ्रीएम, टर्टल वॅक्स, मेग्वायर्स, सोनॅक्स, आपली देशी वेव्हेक्स, यांतलं काहीतरी बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतं. पण नाव बघून घेऊ नका. एकाच नावाखाली दोन्ही जातींचं सामान असू शकतं, म्हणून मागची बाजू वाचायची.

आणि घरगुती उपाय? डिझेल आणि रॉकेलने रबर फुगतं, मऊ पडतं. दोन दिवस काळंभोर, मग आधीपेक्षा वाईट. जुनं इंजिन ऑइलही त्याच माळेतलं. खोबरेल तेलाला धूळ चिकटते. ग्लिसरीन पाण्यात मिसळून लावणारे बरेच आहेत. ते रबराला फारसं त्रास देत नाही, पण पहिल्या सरीत धुऊन जातं आणि तोवर धूळ ओढत राहतं. लग्नाच्या वरातीपुरतं चालेल.

टायर धुणं : सगळी गंमत इथेच आहे

पॉलिश टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते घाणीवर लावलेलं असतं. सारवण्याआधी जमीन झाडतात, तसंच हे.

लागणारं सामान थोडंच. एक ऑल पर्पज क्लीनर, ज्याला डिटेलिंगवाले, म्हणजे गाडी बारकाईने साफ करून देणारे, एपीसी म्हणतात. ते पातळ करून वापरायचं असतं. टायरसाठी साधारण एक भाग क्लीनर, चार-पाच भाग पाणी. गाडीच्या आतल्या प्लास्टिकसाठी एकास दहा. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच धरा. एका बाटलीत टायर, मॅट, डॅशबोर्ड सगळं होतं, म्हणून 'टायर क्लीनर' नावाची वेगळी बाटली घ्यायची गरज नाही. सोबत कडक नायलॉनचा ब्रश, तारेचा नव्हे. एक बादली, एक मग, जुनी फडकी.

आपल्याकडे पाण्याचा विचार करावाच लागतो. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांच्यासमोर गाडीवर पाइप सोडायला हात धजावत नाही. चार टायरांना १५ लिटरची एक बादली पुरते. पाइप नकोच.

सकाळी ऊन चढायच्या आत, चाकं थंड असताना सुरू करा. काळ्या मातीचा चिखल वाळून बसला असेल तर लगेच खरवडू नका. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की दगड होते. मगभर पाणी टाका, पाच मिनिटं फुगू द्या, मग ती पापुद्र्यांनी सुटते. रिमच्या कडेला अडकलेली ढेकळं बोटाने काढा.

आता एका वेळी एकच चाक. क्लीनर टायरच्या उभ्या बाजूवर, म्हणजे साइडवॉलवर मारा, अर्धा मिनिट थांबा, मग ब्रश गोलाकार फिरवा. फेस आधी कॉफीसारखा तपकिरी येईल. धुवा आणि परत मारा. दुसऱ्यांदा फेस चहासारखा, तिसऱ्यांदा दुधासारखा. फेस पांढरा आला की टायर स्वच्छ झाला. जुनं पॉलिश साचलेल्या टायरला मला एकदा पाच फेऱ्या लागल्या. हात दुखले, पण त्यानंतर लावलेलं दुधट पॉलिश पहिल्यांदाच तीन आठवडे टिकलं. क्लीनर वाळू मात्र द्यायचं नाही. अलॉय रिमवर उडालं तर लगेच धुवा, तीव्र क्लीनरने उघड्या ॲल्युमिनियमवर डाग पडतात.

शेवटचं पाणी टाकलं की फडक्याने कोरडं करा. बोअरचं पाणी उन्हात आपोआप वाळू दिलं तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि मग माणूस पॉलिशला शिव्या देतो.

लावणं : थेंब मोजून

टायर पूर्ण कोरडा हवा. ओल्यावर लावलं की पॉलिश पाण्यावर तरंगतं आणि उडतं. स्पंजच्या तुकड्यावर एका टायरला वाटीच्या आठव्या भागापेक्षाही कमी, म्हणजे दोन-तीन चमचे घ्या. टायरवर थेट ओतू नका. कंपनीच्या अक्षरांच्या खाचांत स्पंज दाबून फिरवा. १०-१५ मिनिटं थांबा आणि मग जुन्या बनियनच्या तुकड्याने जास्तीचं टिपून घ्या. हे टिपणं बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या दारांवरच्या रेघा त्यातूनच आल्या. त्यानंतर अर्धा तास गाडी हलवू नका.

बोट लावून बघा. बोट काळं किंवा ओलं झालं तर अजून टिपायचं आहे.

रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर पॉलिश कधीही लावू नये. ब्रेकच्या डिस्कवरही नाही. आणि मोटारसायकल-स्कूटीच्या टायरला तर अजिबात नको. तिचा टायर गोल असतो, वळणावर गाडी कलली की बाजूचाच भाग रस्त्याला टेकतो. वॉशिंग सेंटरवर पोरं हौसेने मारतात, तेव्हा हात धरून थांबवा.

बाहेरचं काळं प्लास्टिक

बंपरखालची पट्टी, चाकांवरच्या काळ्या कमानी, आरशाचं बूड, वायपरखालची जाळी. हे रंग न दिलेलं प्लास्टिक आपल्या उन्हात तीन-चार वर्षांत राखाडी पडतं. टायरचं दुधट पॉलिश यावरही चालतं, पण दोन-तीन धुण्यांत जातं. टिकाऊ हवं असेल तर 'ट्रिम रिस्टोरर' किंवा ट्रिमसाठीचं, म्हणजे या काळ्या प्लास्टिकसाठीचं, सिरॅमिक कोटिंग मागा. महाग पडतं, पण चार थेंबांत मोठा भाग होतो. लावण्याआधी एपीसीने रगडून जुना तेलकटपणा काढा, नाहीतर पट्टे पडतात.

बूटपॉलिश लावू नका, पावसात त्याचे ओघळ पांढऱ्या पत्र्यावर येतात. गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने प्लास्टिक काळं करण्याचे व्हिडिओ दिसतात. रंग परत येतो हे खरं, पण ते तात्पुरतं, आणि हात एक क्षण जास्त थांबला की प्लास्टिक वितळलं. काळ्या प्लास्टिकवर मेणाच्या पॉलिशचे पांढरे डाग वाळून बसले असतील तर पोरांच्या दप्तरातला साधा खोडरबर घासून बघा, बहुतेक निघतात.

आत : आधी सावली, मग बाटली

परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो. अशा दिवशी काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापू शकतो. प्लास्टिक मऊ ठेवणारे घटक त्या उष्णतेत हळूहळू उडतात, त्यातले काही काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर होऊन बसतात. तेव्हा पहिली खरेदी समोरच्या काचेला लावायच्या सनशेडची. तिच्याइतकं काम कुठलीच बाटली करत नाही. कडुनिंबाखाली जागा मिळाली तर तीही नको.

मग डॅशबोर्डचं सामान. इथेही पाण्यातलं, आणि बाटलीवर 'मॅट' किंवा 'नॅचरल फिनिश' आणि 'यूव्ही प्रोटेक्शन' ही दोन्ही बघा. 'हाय ग्लॉस' असेल तर परत ठेवा. चकचकीत डॅशबोर्ड काचेत दिसतो आणि त्याचा त्रास मी वर सांगितलाच. घरी आणल्यावर ग्लोव्ह बॉक्सच्या आत रुपयाएवढ्या जागी लावून एक दिवस ठेवा. चिकट राहिलं, डाग पडला, रंग फडक्याला आला तर ते आपल्या गाडीला नाही.

क्रम असा ठेवा. आधी कोरडं काम. एसीच्या जाळ्यांमधली धूळ रंगाच्या मऊ ब्रशने बाहेर काढायची आणि लगेच व्हॅक्यूमने ओढायची. ओल्या फडक्याने सुरुवात केली तर त्या धुळीचा चिखल होतो. मॅटवरची काळी मातीसुद्धा आधी पूर्ण वाळू द्या, मग आपटा. टायरला भिजवायचं आणि मॅटला वाळवायचं, माती तीच पण पद्धत उलटी.

नंतर एकास दहा पातळ केलेलं क्लीनर मायक्रोफायबरच्या फडक्यावर मारायचं, डॅशबोर्डवर नाही. फवारा बटणांत, स्पीकरमध्ये, एअरबॅगच्या फटीत जातो. पुसा, दुसऱ्या साध्या ओल्या फडक्याने परत पुसा आणि वाळलं की ड्रेसिंगचा पातळ हात फिरवा. पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने घासून घ्या. हात फिरवल्यावर काहीच लावलेलं नाही असं वाटलं तर बरोबर लागलं.

टच स्क्रीनला पाण्याने किंचित ओलं केलेलं मऊ फडकं पुरे. काच पुसायचं निळं पाणी तिथे नको, त्यातल्या अमोनियाने किंवा अल्कोहोलने स्क्रीनवरचा थर जातो. गिअरजवळच्या चकचकीत काळ्या पॅनेलवर कोरडं फडकं फिरवलं की धुळीचेच ओरखडे उठतात, म्हणून आधी ब्रश.

स्टिअरिंगला आणि पेडलला कुठलंही ड्रेसिंग लावू नका, घसरतं. चामडी स्टिअरिंग कंपनीतून येतं तेव्हा चमकत नसतं. नंतर आलेली चमक म्हणजे हाताचं तेल आणि मळ. एपीसीच्या ओलसर फडक्याने पुसलं की फडकं काळं होतं आणि पकड परत येते. सीटबेल्ट सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून उघडा वाळवा. ब्लीच लागलं तर पट्ट्याची ताकदच कमी होते.

सीटचं बघताना आधी आपली सीट कशाची आहे ते ओळखा. आपल्याकडची बहुतेक 'लेदर' कव्हरं खरं तर लेदरेट असतात, म्हणजे वर प्लास्टिकचा थर. त्याला चामड्याचं तेलकट कंडिशनर पाजून उपयोग नाही, ते आत जातच नाही, वर चिकट राहतं. त्याला साधं क्लीनर आणि डॅशबोर्डचंच मॅट ड्रेसिंग चालतं. खरं चामडं असेल तरच लेदर क्लीनर आणि त्यानंतर कंडिशनर असा खर्च करा.

एक खास आपल्याकडचा डाग राहिला. दसऱ्याला स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर हळदीकुंकवाची बोटं उमटतात. ओलं फडकं लावायची घाई करू नका, कुंकू पसरून खाचांत जातं. आधी कोरड्या ब्रशने झटका, व्हॅक्यूमने ओढा. हळद साबणाने लाल होते हे प्रत्येक घरात ठाऊक आहे, तेच क्लीनर लावल्यावर सीटवर होतं. घाबरू नका, साध्या पाण्याने पुसत राहा. उरलेला पिवळेपणा उन्हात आपोआप उडतो. उन्हाचा एवढा तरी उपयोग.

दारांच्या कडेच्या रबरी पट्ट्यांना वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. रबर मऊ राहतं आणि पावसाळ्यात पाणी आत येत नाही. इथे पेट्रोलियम जेली नको.

किती वेळा, आणि सामान कुठे ठेवायचं

मी टायर महिन्यातून एकदा नीट धुतो, पॉलिश तेव्हाच. जून ते सप्टेंबर फक्त धुतो, चिखलावर पैसे घालवत नाही. डॅशबोर्ड आठवड्याला कोरडा, ड्रेसिंग दोन महिन्यांतून एकदा. फडक्यांचे रंग ठरवून घ्या. टायरचं फडकं पत्र्याला कधीच लागू द्यायचं नाही, त्यातली वाळू रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी काढते. मायक्रोफायबर धुताना कपड्यांचं सुगंधी कंडिशनर घालू नका, मग ते पाणी शोषत नाही.

बाटल्या डिक्कीत ठेवायच्या नाहीत. फवारणीच्या डब्यावर ५० अंशांपुढे तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं आणि आपली डिक्की तो आकडा एप्रिलमध्येच गाठते. घरात, बंद कपाटात, मूळ बाटलीतच ठेवा. मी एकदा उरलेलं दुधट पॉलिश रिकाम्या पाण्याच्या बाटलीत ओतून ओट्याखाली ठेवलं होतं. दुपारी शेतावरून आलेला मेहुणा "ताक आहे का ताई?" म्हणत झाकण उघडून तोंडाला लावणार, तेवढ्यात वासाने थांबला. तेव्हापासून त्या बाटल्या कुलपात आहेत, आणि मेहुणा आमच्याकडे ताक पिताना आधी हुंगतो.